कॅड शिकवा, पण आधी धागे मोजायला शिकवा

पावसाळा सरल्यावर आमच्या बोर्ली पंचतनमध्ये एक बैठक झाली. विषय होता मुलांसाठी कॉम्प्युटर क्लास. आखातात नोकरीला असलेल्या काही बंधूंनी वर्गणी जमवली आहे, बाजारात एक खोलीही मिळाली आहे. आता दहा कॉम्प्युटर घ्यायचे आणि त्यावर ‘कॅड’, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे व डिझाईन काढण्याचे काम शिकवायचे, असा विचार आहे. बैठकीत एका विक्रेत्याचा कागद हातोहात फिरला. त्यावर दहा मशिनांसाठी सॉफ्टवेअरचा भाव छापलेला होता आणि त्याखाली पेनाने दुसरा भाव लिहिलेला होता, पहिल्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. हा दुसरा भाव कसला, असे मी विचारले. उत्तर आले, “माल तोच आहे शेठ, फक्त बिल मिळणार नाही.”

तीस वर्षे कापडाचा धंदा केल्यामुळे बिनबिलाच्या मालाचा अर्थ मला कोणी समजावून सांगायची गरज नाही. पण त्या बैठकीत मला खटकली ती वेगळीच गोष्ट. दहा कॉम्प्युटर, दोन भाव, खोलीचे भाडे, मास्तरांचा पगार, सगळ्याचा हिशेब झाला. शिकून निघालेला मुलगा नेमके काय काढणार आणि ते कोण विकत घेणार, हे मात्र कोणी विचारले नाही. क्लास व्हावा असे माझे मत आहे. माझी वर्गणीही मी देणार आहे. माझा विरोध आहे तो पहिल्याच दिवशी सॉफ्टवेअर विकत घेण्याला, मग ते बिलाचे असो वा बिनबिलाचे.

आधी एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपल्या भागात कॅड म्हटले की लोक ऑटोकॅडच समजतात. त्याला कारणही आहे. श्रीवर्धन, म्हसळा, मुरुड या पट्ट्यातल्या कितीतरी घरांची चूल कुवेत, दुबई, मस्कतच्या पगारावर पेटते. तिथल्या बांधकाम कंपन्यांत नकाशे काढणाऱ्याला, ज्याला आम्ही उर्दू शाळेत ‘नक्शानवीस’ म्हणायचो, त्याला मागणी असते. ऑटोकॅड १९८२ च्या डिसेंबरमध्ये बाजारात आले आणि इमारतीच्या नकाशाचे बहुतेक काम हळूहळू त्याच्याच रीतीने चालू लागले. ज्याला त्या वाटेने जायचे आहे त्याने ते जरूर शिकावे.

पण कॅड अनेक प्रकारचे असते. इमारतीचे वेगळे, शिवणकामाच्या कटिंगचे वेगळे, आणि मागावर विणल्या जाणाऱ्या नक्षीचे अगदीच वेगळे. इमारतीच्या नकाशातली रेघ म्हणजे दोन बिंदूंमधले अंतर. ती हवी तिथे, हव्या त्या तिरकेपणाने ओढता येते. कापडात तशी रेघच नसते. कापडात उभा धागा आणि आडवा धागा, म्हणजे ताणा आणि बाणा, एवढेच असते, आणि अर्धा धागा जगात कोणी विणलेला नाही. प्रत्येक चौकटीत उभा धागा वर आहे की खाली, एवढेच मागाला कळते. हे ज्याला समजले नाही त्याने लाखाचे सॉफ्टवेअर घेतले तरी त्यातून मागावर चालणारी नक्षी निघणार नाही.

हे मी ठोकर खाऊन शिकलो. माझी एक भाची आहे. ड्रॉइंगमध्ये तिचा हात चांगला, मेंदी तर अशी काढते की आसपासच्या गावांतून लग्नाची बोलावणी येतात. तिने कॉम्प्युटरवर एक बुट्टी आणि एक काठ काढला. चित्र इतके सुंदर होते की मी त्याच दिवशी भिवंडीला एका डिझाईनवाल्याकडे ते मोबाईलवरून पाठवले आणि तीनशे ओढण्यांचा माल सांगितला. माल आला तेव्हा गोल बुट्टी अंड्यासारखी उभट झाली होती, काठाची बारीक वेल जागोजागी तुटली होती, आणि मोठ्या पानांवरचे धागे इतके सैल लोंबत होते की बांगडीत अडकून खेचले जातील. मी डिझाईनवाल्यावर फोनवर खूप तोंडसुख घेतले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि शेवटी विचारले, “शेठ, फणी किती, पिक किती, हे तुम्ही सांगितले होते का?” मी सांगितले नव्हते. तो विचारू शकला असता हे खरे, पण माल माझा होता. त्या ओढण्या म्हसळ्याच्या बाजारात खरेदीभावाच्या खाली विकाव्या लागल्या.

बुट्टी का ताणली गेली, याचा हिशेब तिसरीतल्या मुलाला जमेल असा आहे. त्या कापडात एका इंचात उभे धागे ८० होते आणि आडवे, म्हणजे पिक, ६०. भाचीने बुट्टी १२० चौकटी रुंद आणि १२० चौकटी उंच काढली होती. पडद्यावर चौकट चौरस दिसते, म्हणून तिथे बुट्टी गोल दिसली. मागावर रुंदी आली १२० भागिले ८०, म्हणजे दीड इंच. उंची आली १२० भागिले ६०, म्हणजे दोन इंच. गोल हवी असेल तर उंचीला ९० चौकटीच घ्यायला हव्या होत्या. पुठ्ठ्यांच्या जॅकार्डवर एका पिकला एक पुठ्ठा लागतो, म्हणजे प्रत्येक बुट्टीमागे तीस पुठ्ठेही जास्तीचे पंच झाले असते.

धागे लोंबले त्याचे कारण याहून महत्त्वाचे आहे. भाचीने पानात लाल रंग भरला. कागदावर लाल रंग म्हणजे लाल रंग. मागाला रंग कळत नाही. पानाच्या आत धागा किती ठिकाणी बांधला जाणार, साधी वीण, ट्विल की साटिन, हे प्रत्येक रंगाला वेगळे सांगावे लागते. ते न सांगता नुसता रंग भरला तर धागा पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळाच जातो. पाच धाग्यांचे साटिन घ्या. पहिल्या ओळीत पहिली चौकट, दुसरीत तिसरी, तिसरीत पाचवी, चौथीत दुसरी, पाचवीत चौथी. दर वेळी दोन घरे पुढे. म्हणून बांधणीचे ठिपके एकमेकांना चिकटत नाहीत आणि कापड गुळगुळीत दिसते. ही पाच ओळींची मांडणी ज्याने एकदा हाताने काढली त्याला पुढचे पुष्कळ काही आपोआप कळते.

आणि वेल तुटली ती मोबाईलमुळे. व्हॉट्सअपवर चित्र फोटो म्हणून पाठवले की ते लहान केले जाते आणि जेपीजी प्रकारात दाबले जाते. मूळ चित्रात सहा रंग होते. पलीकडे पोहोचले तेव्हा प्रत्येक कडेला मधल्या छटा तयार होऊन शेकडो रंग झाले होते. डिझाईनवाल्याने ते परत सहावर आणताना एकेका चौकटीच्या रुंदीची वेल गेली. तेच चित्र बीएमपी किंवा पीएनजी फाईल करून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवले असते तर एकही चौकट हलली नसती. आता मी कोणाचेही डिझाईन फोटो म्हणून आले तर उघडूनही पाहत नाही.

तेव्हा सुरुवात कशी करावी? माझ्या मते पहिले दोन आठवडे कॉम्प्युटर झाकूनच ठेवावा. ग्राफचा कागद, पेन्सिल आणि धागे मोजण्याची काच, एवढेच सामान पुरे. माझ्या दुकानातले वीस तऱ्हेचे तुकडे मी द्यायला तयार आहे. मुलांनी आणि मुलींनी एक इंचात उभे किती, आडवे किती मोजावे, सुईने धागा उचलून कोण वर कोण खाली ते कागदावर मांडावे. लुंगी, धोतर, चादर, साटिनचे अस्तर, बुट्टीची ओढणी. एवढे झाले की कापड वाचता येऊ लागते.

त्यानंतर कॉम्प्युटर उघडावा आणि त्यावर गिम्प नावाचा प्रोग्राम टाकावा. हा फुकट मिळतो, कायदेशीर मिळतो, आणि अगदी नवा-भारी कॉम्प्युटर मागत नाही. त्याची नवी तिसरी आवृत्ती २०२५ च्या मार्चमध्ये आली. घेताना तो त्याच्या स्वतःच्या अधिकृत ठिकाणाहूनच उतरवून घ्यावा. शोधताना वर जाहिरातीत दिसणारी सारख्या नावाची ठिकाणे टाळावीत, तिथून सोबत नको ती घाणही मशिनमध्ये येते. गिम्प हा मुळात फोटो आणि चित्रांचा प्रोग्राम आहे, विणकामाचा नाही. पण जॅकार्डचे डिझाईन शेवटी असते काय, तर चौकटींचे चित्र. एक ठिपका म्हणजे एक उभा धागा आणि एक आडवा पिक. ते काम गिम्प चोख करतो.

पहिला धडा आठ बाय आठ ठिपक्यांचा. चित्र ८०० टक्के किंवा त्याहून मोठे करून पाहावे. ‘मोड’मध्ये ‘इंडेक्स्ड’ निवडून काळा-पांढरा, दोनच रंगांचा पर्याय घ्यावा. काळा म्हणजे उभा धागा वर, पांढरा म्हणजे खाली. हत्यार ‘पेन्सिल’च घ्यावे, ‘ब्रश’ कधीही नाही. ब्रश कडेला पुसट छटा सोडतो, आणि पुसट धागा कुठल्या मागावर विणणार? ठिपक्यांवर जाळी दाखवायची सोय आहे, ती आठ-आठ घरांवर ठेवली की अगदी आपला जुना ग्राफ समोर येतो. यावर साधी वीण, ट्विल, आठ धाग्यांचे साटिन काढावे. कागदावर आधीच काढलेले असल्यामुळे हा धडा अर्ध्या दिवसाचा आहे.

दुसरा धडा तो, ज्याच्या अज्ञानापायी माझ्या ओढण्या गेल्या. गिम्पमध्ये ‘इमेज’खाली ‘प्रिंट साइज’ आहे. तिथे आडवे आणि उभे माप साखळीने जोडलेले दिसते. ती साखळी तोडून आडव्या मापात इंचातले उभे धागे, ८०, आणि उभ्या मापात इंचातले पिक, ६०, लिहावेत. मग ‘व्ह्यू’खालच्या ‘डॉट फॉर डॉट’ची खूण काढावी. चित्र लगेच कापडाच्या खऱ्या प्रमाणात दिसते. माझ्या भाचीने हे पहिल्यांदा केले तेव्हा पडद्यावर तीच अंड्यासारखी बुट्टी उभी राहिली. ती माझ्याकडे बघून म्हणाली, “मामू, हे आधी माहीत असतं तर?” मी काय बोलणार?

तिसरी गोष्ट जोडाची. नक्षी कापडावर पुन्हा पुन्हा येते, तेव्हा उजवी कड डाव्या कडेशी आणि वरची खालच्या कडेशी जुळली पाहिजे. ‘ऑफसेट’ नावाची सोय वापरून चित्र अर्धे आडवे, अर्धे उभे सरकवले की चारही कडा मधोमध येतात आणि न जुळलेला जोड लपून राहू शकत नाही. जॅकार्डला समजा ४८० हुक वापरात असतील तर नक्षीची रुंदी ४८० ला पूर्ण भाग जाईल अशीच घ्यावी. १२० ची बुट्टी चार वेळा बसते. १३० ची घेतली की शेवटी नव्वद हुक अनाथ राहतात. चित्र लहान-मोठे करायचे तर मधल्या छटा भरण्याचा पर्याय बंद ठेवावा. आणि जेपीजी या प्रकाराला या खोलीत बंदीच असावी.

एवढे जमले म्हणजे सगळे जमले असे मी म्हणत नाही. पुठ्ठे पंच करण्याची किंवा इलेक्ट्रॉनिक जॅकार्डला द्यायची फाईल, किनारीच्या धाग्यांची मांडणी, कुठे धागा फार लांब मोकळा राहतो त्याची तपासणी, ही कामे गिम्प करत नाही. त्यासाठी विणकामाचे खास सॉफ्टवेअर लागते आणि ते महाग असते. पण ते भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, सुरतला जॉब वर्क करणाऱ्यांकडे असतेच. आपल्या मुलीने स्वच्छ, मोजून काढलेली, प्रत्येक रंगाला वीण नेमून दिलेली फाईल पाठवली तर पुढचे शेवटचे काम तो तासाच्या हिशेबाने करून देतो. सहा महिने अशी कामे मिळत राहिली, बिले फाटू लागली, की मग त्या पैशातून एक, फक्त एक, परवाना विकत घ्यावा. व्यापारात यालाच भांडवल उभे करणे म्हणतात.

माझ्या उर्दू शाळेतली एक आठवण इथे सांगतो. आमचे उस्ताद तख्तीवर बोरूने अक्षरे गिरवून घ्यायचे. अलिफ किती उंच, बे किती लांब, हे ते नुक्त्याने मोजायचे. बोरूचे टोक टेकवून जेवढा ठिपका उमटतो तो एक नुक्ता. ते माप चुकले की छडी. पन्नाशी ओलांडल्यावर भाचीच्या शेजारी बसून जेव्हा मी पडद्यावर ठिपके मोजू लागलो तेव्हा मला ती तख्ती आठवली. उर्दू वर्तमानपत्रांचे कातिब कॉम्प्युटरमुळे घरी बसले, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. १९९४ मध्ये इनपेज आले आणि कातिबांच्या चटया गुंडाळल्या गेल्या. पण कॉम्प्युटरवर जे नूरी नस्तालीक अक्षर आपण वाचतो त्यातली हजारो अक्षरजोडणी १९८१ च्या सुमारास मिर्झा अहमद जमील यांनी आधी हाताने लिहिली होती. मशिनला हुनर कोणीतरी द्यावेच लागते. बनारसमध्ये कागदावरची नक्षी दोऱ्यांच्या जाळ्यात बांधून मागाला देणाऱ्या कारागिराला नक्शबंद म्हणत. १८०४ मध्ये फ्रान्सच्या जॅकार्डने ते काम भोकांच्या पुठ्ठ्यांना दिले. जॅकार्डचे स्वतःचे चित्र पुढे रेशमात विणले गेले, त्याला सुमारे २४ हजार पुठ्ठे लागले होते. १९८३ मध्ये इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड आले आणि पुठ्ठेही गेले. वर उचलायचा धागा कोणता, हे सांगणारा माणूस मात्र चारही वेळा लागलाच.

आता त्या पेनाने लिहिलेल्या भावाविषयी. आपल्याकडे चोरीचे सॉफ्टवेअर ही चोरी आहे असे कोणाला वाटतच नाही. सीडीच्या जमान्यापासून ही सवय लागली आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलम ६३ ब आले. माहीत असून चोरीचा कॉम्प्युटर प्रोग्राम वापरणाऱ्याला त्यात किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड सांगितला आहे. नफ्यासाठी किंवा धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद न देता पन्नास हजारांपर्यंत दंड करू शकते, पण गुन्हा तो गुन्हाच. लोकांच्या वर्गणीतून चालणाऱ्या क्लासने हे ओझे डोक्यावर घ्यावे का? शिवाय अशा मालाचे कुलूप तोडणारी जी फाईल असते तिच्यासोबत व्हायरस येतात. एखाद्या मुलाचे सहा महिन्यांचे काम एका रात्रीत गेले तर विक्रेत्याकडे जाऊन कोणते बिल दाखवणार?

बिलाच्या भावाचेही नीट समजून घ्या. ऑटोकॅडचा नवा परवाना २०१६ पासून कायमचा विकत मिळत नाही, मुदतीच्या भाड्याने मिळतो. आमच्या भाषेत सांगायचे तर पागडीचा गाळा गेला, आता दरसाल भाडे. दहा मशिनांचे भाडे पहिल्या वर्षी वर्गणीतून भरले जाईल. दुसऱ्या वर्षी? कंपनी पात्र विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना शिकण्यासाठी ते एक वर्ष फुकट देते आणि पात्रता टिकली तर मुदत वाढवते, पण त्यासाठी मान्यताप्राप्त संस्थेत शिकत असल्याचा पुरावा मागते. बाजारातली आमची खोली तशी संस्था ठरेलच असे नाही. कॉलेज किंवा आयटीआयमध्ये असलेल्या मुलांनी मात्र ही सवलत आजच घ्यावी. बाकीच्यांना सपाट नकाशांसाठी लिब्रेकॅड आणि घन वस्तूंसाठी फ्रीकॅड हे दोन्ही फुकट आहेत. फ्रीकॅडची १.० आवृत्ती २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये आली. थर, मापे, प्रमाण, छेद ही सगळी शिस्त तिथे शिकता येते. ती शिकलेल्या मुलाला ऑटोकॅडच्या खुर्चीवर बसवले तर तो बटणे शोधेल, काम शोधणार नाही.

बैठकीत आणखी एक गोष्ट सुटली. दहा खुर्च्या मुलांच्याच धरल्या होत्या, कारण परदेशी मुलगेच जाणार. मुलींचे काय, असे विचारल्यावर एक बुजुर्ग म्हणाले, त्यांना शिवणक्लास आहे. चाचांचा मी आदर करतो, पण हा हिशेब चुकला. नकाशा काढणाऱ्या मुलाला कामासाठी दुबईला जावे लागेल. नक्षी काढणाऱ्या मुलीला भिवंडीलाही जायची गरज नाही. फाईल फोनवरून जाते, पैसे खात्यात येतात. आमच्या गावात मेंदी, भरतकाम, रांगोळी यांत हात बसलेल्या मुली घरोघरी आहेत. त्यांना ८० आणि ६० चा हिशेब शिकवला तर बोर्लीत बसून होणारा हा धंदा आहे. निदान चार खुर्च्या त्यांच्या असाव्यात, आणि वेळ दुपारचा असावा.

विजेबद्दल मात्र आधीच सांगून ठेवतो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर आमच्याकडे कित्येक आठवडे दिवे नव्हते. वादळ रोज येत नाही, पण पावसाळ्यात वीज रोज जाते. दहा कॉम्प्युटर घेण्यापेक्षा सहा घ्यावेत आणि उरलेल्या पैशात चांगला इन्व्हर्टर घ्यावा. प्रत्येकाचे काम दर शुक्रवारी दोन ठिकाणी जतन करावे, एक प्रत खोलीच्या बाहेर. जुने कॉम्प्युटर स्वस्तात घेत असाल तर त्यावर विंडोज १० आहे का ते पाहावे. त्याचा नेहमीचा आधार कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद केला. अशा मशिनवर लिनक्स टाकले तरी गिम्प, लिब्रेकॅड, फ्रीकॅड तिन्ही चालतात.

पुढची बैठक येत्या महिन्यात आहे. मी कापडाचे वीस तुकडे, सहा धागे मोजण्याच्या काचा आणि ग्राफच्या दोन डझन वह्या घेऊन जाणार आहे. सोबत त्या ओढण्यांपैकी एकही न विकली गेलेली ओढणी आहे, तीही टेबलावर ठेवीन. भाचीने बुट्टी नव्याने काढली आहे, १२० रुंद, ९० उंच, पानात आठ धाग्यांचे साटिन. भिवंडीहून नमुन्याचा मीटरभर तुकडा आला आहे. बुट्टी गोल आली आहे. काठाचा जोड अजून एका धाग्याने चुकतो आहे, ती तो शोधत बसली आहे.